पाटीची फाइल: पडद्यावर शाबूत, मशीनवर तुकडे

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. आजवर तुम्ही फ्लेक्स आणि लग्नपत्रिका केल्यात. आता ठाण्यात नौपाड्यातल्या एका पोळी-भाजी केंद्राची पाटी हातात आली आहे. मागे काळं एसीपी (दोन अ‍ॅल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लास्टिक असलेलं पॅनेल), त्यावर ५ मिमी लाल अ‍ॅक्रिलिकची ८ इंची अक्षरं. कोरलमध्ये (कोरलड्रॉ या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये) फाइल केली, गिऱ्हाइकाला आवडली, पण वागळे इस्टेटमधल्या कटिंगवाल्याने ती दोनदा परत पाठवली. एकदा म्हणाला, ‘कर्व्ह ओपन आहेत’. दुसऱ्यांदा म्हणाला, ‘अक्षरं तुटून येतील’. पडद्यावर सगळं ठीक दिसतंय, मग चुकतंय कुठे, असं तुम्ही विचारलंय.

रबाळे एमआयडीसीत माझा राउटर, म्हणजे फाइलवरून शीट कापणारं मशीन, सुरू होऊन १८ वर्षं झाली. आलेली फाइल जशीच्या तशी मशीनवर चढवली असे दिवस त्यात मोजकेच. तेव्हा मनाला लावून घेऊ नका, आणि कटिंगवाल्यावरही रागावू नका. दोनदा परत पाठवली म्हणजे माणूस चांगला आहे. दुसऱ्या कोणी तशीच कापून, तुकडे पिशवीत भरून तुमच्या हातात दिले असते.

फ्लेक्सचं मशीन रंग भरतं. राउटर रेघेवरून चालत जातो. त्याला रंग कळत नाही, कुठला आकार वर आहे नि कुठला खाली ते कळत नाही, आणि ‘भा’ हे अक्षर आहे हे तर अजिबात कळत नाही. म्हणून पहिलं काम: कोरलच्या व्ह्यू मेनूत जाऊन वायरफ्रेम करा. इलस्ट्रेटर असेल तर कंट्रोल वाय. रंग निघून जातील आणि नुसत्या रेघा उरतील. मशीनला दिसतं ते एवढंच. तुमची ‘पोळी’ आता नीट बघा. ‘प’ची शिरोरेषा वेगळी, त्यापुढच्या काना-मात्रेची वेगळी, ‘ळ’ची वेगळी, वेलांटीची वेगळी. प्रत्येक सांध्यावर शिरोरेषेत एक-दोन उभ्या रेघा. राउटर त्या सगळ्या कापणार. ‘तुटून येतील’ म्हणजे हेच.

इंग्रजी पाटीत ही भानगड नसते. तिथे अक्षरं सुटी असतात, आणि सुटीच कापायची असतात. म्हणूनच या विषयावरचे बहुतेक व्हिडिओ बघून आपलं काम भागत नाही. देवनागरीत शब्द हा एक तुकडा असतो, पण फॉन्टमध्ये तो तुकड्यातुकड्यांनीच साठवलेला असतो. ते तुकडे जोडायचं काम तुमचं.

जोडायचं कसं? मजकूर कंट्रोल क्यूने कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या रेघांच्या आकारात, बदला. मग सगळे उतावीळ लोक करतात ते करू नका, म्हणजे कंट्रोल केने पूर्ण फोडून, सगळं निवडून थेट वेल्ड (आकार जोडून एकच करणारी आज्ञा). पूर्ण फोडलं की ‘प’च्या पोटातली पोकळी हा एक वेगळा, भरीव आकार होतो. वेल्ड केलं की पोकळी गिळली जाते आणि ‘प’चा ठोकळा होतो. फोडल्यावर आधी प्रत्येक अक्षर आणि त्याच्या पोटातले आकार कंट्रोल एलने कंबाइन करून घ्या. ‘प’चं एक पोट, ‘क’चं डावीकडचं एक, ‘ळ’ची फॉन्टप्रमाणे दोन. त्यानंतरच शेजारच्या अक्षराशी वेल्ड करा. इलस्ट्रेटरमध्ये हे सोपं जातं, कारण आउटलाइन केल्यावर पोकळ्या अक्षरासोबतच राहतात आणि पाथफाइंडरचं युनाइट त्यांना धक्का लावत नाही.

ओव्हरलॅप कुठे राहिलाय ते शोधायची एक सोपी युक्ती आहे. शब्दाची एक प्रत बाजूला काढा, सगळं निवडून कंबाइन करा आणि रंग भरा. जिथे दोन आकार एकमेकांवर चढलेत तिथे पांढरे ठिपके किंवा पट्ट्या दिसतील. तेवढ्या जागा मूळ प्रतीत वेल्ड व्हायच्या राहिल्यात असं समजा.

पण वेल्डचं बटण दाबलं म्हणजे सांधा जुळला असं नाही. काही फॉन्टमध्ये शेजारच्या शिरोरेषा एकमेकींवर चढतात, काहींत फक्त कडेला कड टेकवून ठेवलेल्या असतात. नुसत्या टेकलेल्या असल्या तर वेल्डनंतरही केसाएवढी फट किंवा उभी रेघ राहून जाते. पडद्यावर ती दिसत नाही, मशीन मात्र त्या रेघेवर बिट (कापणारं फिरतं पातं) खाली घालतं. खूप मोठं करून बघितलं तरच सापडते. अशा वेळी अक्षरं पाव मिमी आत सरकवून मग वेल्ड करा. किंवा मी करतो ते करा: शिरोरेषेच्याच जाडीचा एक लांब आयत शब्दावर ठेवून सगळं एकत्र वेल्ड करायचं. शिरोरेषा एकसंध, सरळ आणि मोजक्या नोडची (रेघेवरच्या बिंदूंची) मिळते.

या आयताने मला एकदा चांगलंच तोंडावर पाडलंय. ‘भ’, ‘ध’ आणि ‘थ’ या अक्षरांच्या डोक्यावर डावीकडे शिरोरेषा तुटलेली असते. तिथून सरळ आयत नेलात तर ‘ध’चा ‘घ’ होतो आणि ‘भ’चा ‘म’. जाड ठशाच्या फॉन्टमध्ये तर शंकाच नको. तुमच्या पाटीवर ‘भाजी’ आहे. आयत पूर्ण ओढलात तर नौपाड्यात ‘पोळी-माजी केंद्र’ लागेल आणि ठाणेकर ते वर्षभर एकमेकांना दाखवत बसतील. आयत ‘भ’च्या उजव्या भागापासून सुरू करा.

‘केंद्र’कडेही लक्ष द्या. त्यातला अनुस्वार सुटा ठिपका आहे. ८ इंची अक्षरात तो साधारण नाण्याएवढा येतो. कापताना शेवटच्या फेरीला हलतो, कधी उडतो, चिकटवताना जागा चुकते, आणि दोन पावसाळ्यांत पडून पाटीचं ‘केद्र’ होतं. मी तो शक्य तिथे मात्रेला हलकासा टेकवून वेल्डच करतो. दोन-तीन मिमीची मान ठेवली तर रस्त्यावरून ती दिसत नाही. सुटाच ठेवायचा असेल तर ऑपरेटरला त्यावर टॅब (न कापलेला छोटा दुवा) ठेवायला सांगा, म्हणजे कापताना तो शीटला धरून राहील.

फॉन्टविषयी. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली फाइल कर्व्ह न करता पाठवली आणि समोरच्याकडे तो फॉन्ट नसला, तर ‘पोळी’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. युनिकोडचं दुखणं वेगळं आहे. कोरलच्या जुन्या आवृत्त्यांत जोडाक्षरं हलन्तासकट सुटी पडतात, पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जाते. इलस्ट्रेटरमध्ये दक्षिण आशियाई लिपींचा कंपोझर निवडला नसेल तर तिथेही हेच. दोन्हींवर उपाय एकच, तुमच्याच संगणकावर, तुमच्या डोळ्यांसमोर कर्व्ह करा. मुंबईच्या एक टाइपचे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट मोफत आहेत. त्यातल्या ‘बलू’ची जाड, गोल वळणं कटिंगला फार सोयीची पडतात. आणि फॉन्ट कोणताही घ्या, ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आलेत ना ते बघा. बरेच फॉन्ट आपणहून हिंदी वळण देतात. मशीनला फरक पडत नाही, पण दुकानाबाहेर उभं राहून गिऱ्हाइकाचे सासरेबुवा नेमकं तेच बोट दाखवून सांगतात.

आता पहिली तक्रार, ‘कर्व्ह ओपन आहेत’. रेघ जिथून निघाली तिथे परत येऊन मिळाली नाही तर मशीनला आत कुठलं नि बाहेर कुठलं ते ठरवता येत नाही. कोरलमध्ये ओळखायचा मार्ग सोपा आहे: सगळ्याला रंग भरा. कोरलची सेटिंग बदललेली नसेल तर उघड्या कर्व्हमध्ये रंग भरला जात नाही, तो पोकळच राहतो. टोकं जोडून घ्या. उघडे कर्व्ह फॉन्टमधून क्वचितच येतात. येतात ते हाताने काढलेल्या नक्षीतून किंवा ट्रेस केलेल्या (फोटोवरून सॉफ्टवेअरने आपोआप रेघा काढलेल्या) लोगोतून. म्हणून अक्षरांआधी तुमच्या पाटीवरची ती पोळीची आकृती तपासा.

त्या आकृतीत आणखी एक गोष्ट असणार. पोळीचा गोल तुम्ही आउटलाइन जाड करून काढला असेल. पडद्यावर ती ८ मिमीची पट्टी दिसते, वायरफ्रेममध्ये मात्र तिच्या मधोमध एकच रेघ आहे. मशीन त्या एका रेघेवरून जाणार आणि पट्टीऐवजी एक चकती कापून देणार. कंट्रोल शिफ्ट क्यूने आउटलाइनचं ऑब्जेक्ट करा, म्हणजे आतली आणि बाहेरची अशा दोन खऱ्या कडा मिळतील. पॉवरक्लिपमध्ये (एका आकाराच्या चौकटीत दुसरं चित्र बसवायच्या सोयीत) काही कोंबलेलं असेल तर बाहेर काढा. सावली, पारदर्शकता, ग्रेडियंट काढून टाका. एकावर एक पडलेल्या दुहेरी रेघा शोधून एकच ठेवा. त्या राहिल्या तर बिट त्याच वाटेवरून दुसऱ्यांदा जातं, अ‍ॅक्रिलिक तापतं आणि कड पांढुरकी, खरबरीत होते.

गिऱ्हाइकाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला लोगो ट्रेस केला असेल तर नोड मोजा. कोरलमध्ये खालच्या पट्टीवर आकडा दिसतो. साध्या वर्तुळाला ४ नोड पुरतात, ट्रेसने काढलेल्या वर्तुळाला १५० सुद्धा असू शकतात. प्रत्येक नोडपाशी मशीनला दिशा बदलायची असते, म्हणून ते वेग कमी करतं. छोटे छोटे तुकडे असले की राउटर अडखळत चालतो, कडेला करवतीसारखे दाते उमटतात, आणि अ‍ॅक्रिलिकमध्ये बिट रेंगाळलं की प्लास्टिक वितळून बिटलाच चिकटतं. नोड कमी करायचा स्लायडर आहे, पण खरं सांगू का, लोगो पुन्हा हाताने काढा. ट्रेस साफ करण्यापेक्षा तो खाली ठेवून वरून काढलेली रेघ लवकर होते आणि चांगली होते.

आता बिटची जाडी. अ‍ॅक्रिलिक आणि सनबोर्डला (हलक्या फोमच्या शीटला) बहुतेक ठिकाणी ३.१७५ मिमीचं बिट वापरतात. सुतारी भाषेत एक सूत, इंचाचा आठवा भाग. बिट गोल आहे, म्हणून बाहेरचा कोपरा ते टोकदार कापू शकतं, आतला नाही. आतल्या कोपऱ्यात बिटच्या निम्म्या जाडीची, म्हणजे साधारण १.६ मिमीची गोलाई राहतेच. शिरोरेषेला दांडा जिथे खालून मिळतो तो प्रत्येक कोपरा आतला कोपरा आहे. आपल्या लिपीत असे कोपरे जागोजागी. सुट्या चिकटवायच्या अक्षरांत ही गोलाई शोभून जाते. पण दोन अवयवांमधली फट सुतापेक्षा अरुंद असेल तर बिट तिथे शिरतच नाही आणि ती जागा भरलेली राहते. ‘द्र’मधला रकार ‘द’ला मिळतो तो चिंचोळा कोन आणि ‘ळी’च्या वेलांटीखालची जागा, या दोन ठिकाणी तुमच्या फाइलमध्ये मोजून बघा. ४ मिमी तरी मोकळी ठेवा.

बिटची जाडी हिशेबात धरून अक्षर आधीच जाड करून पाठवू नका. बिट रेघेच्या बाहेरून चालवायचं की आतून, हे कटिंगवाला त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ठरवतो. तुम्हीही वाढवलं आणि त्यानेही वाढवलं तर मापं बिघडतात. फाइलमध्ये तयार वस्तूचं खरं माप असू द्या.

याला एक अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा आहे, कारण हे गिऱ्हाईक उद्या ‘आत लाइट टाकू’ म्हणणार. तेव्हा एसीपीमध्ये अक्षराच्या आकाराची खिडकी कापतात आणि मागून जाड दुधी अ‍ॅक्रिलिकचं अक्षर त्यातून पुढे काढतात. एकाच रेघेवर दोन्ही कापले तर अक्षर खिडकीत जात नाही. खिडकीच्या आतल्या कोपऱ्यांना १.६ मिमीची गोलाई आहे, अक्षराचे तेच कोपरे मात्र टोकदार. आणि अक्षराच्या खाचांमध्ये उलटं: तिथे अक्षर गोल आणि एसीपी टोकदार. प्रत्येक कोपऱ्यावर दोघं भांडतात. नव्या मुलांनी हातोडीने ठोकून अक्षरं बसवताना मी पाहिलंय, आणि १० मिमीचं अ‍ॅक्रिलिक तडकल्याचा आवाजही ऐकलाय.

म्हणून आधी मूळ आकाराचे सगळे कोपरे, आतले आणि बाहेरचे, २ मिमीच्या गोलाईने गोल करून घ्या. ही झाली खिडकी. मग त्याच आकाराला कॉन्टूरने पाव मिमी आत घ्या. हे झालं अक्षर. चारही बाजूंनी पाव मिमी मोकळीक पुरते. आणि खिडकी कापताना ‘प’, ‘क’, ‘ळ’ यांच्या पोटातले एसीपीचे तुकडे सुटे पडतात. ते कचरा नाहीत, अक्षरावर परत चिकटवायचे असतात. फाइलमध्ये त्यांना क्रमांक द्या आणि कापायला देताना तोंडी सांगा. आमच्याकडे एकदा ते झाडून भंगारात गेले होते, आणि तीन तुकड्यांसाठी नव्या शीटला हात लावावा लागला.

लेझरचंही सांगून ठेवतो. अ‍ॅक्रिलिक लेझरवर सुंदर कापलं जातं, आतले कोपरे टोकदार येतात, कड चकचकीत येते. पण सनबोर्ड लेझरवर नेऊ नका. त्यात पीव्हीसी असतं, जळताना क्लोरीनयुक्त विषारी वायू निघतो, माणसालाही वाईट आणि मशीनलाही. एसीपी तिथे कापलंच जात नाही. अक्षराला उठाव द्यायला पुढे लेझरचं अ‍ॅक्रिलिक आणि मागे राउटरचा सनबोर्ड असं करणार असाल, तर कोपरे आधी फाइलमध्येच गोल करा. नाहीतर प्रत्येक खाचेतून सनबोर्ड डोकावतो.

मापाची चूक सगळ्यात महाग पडते, कारण त्यात फाइल अगदी निर्दोष असते. इंचातली फाइल मिमी समजून उघडली तर सगळं २५.४ पटींनी लहान होतं. हे बरं, लगेच हसू येतं आणि चूक सापडते. वाईट चूक ती, जी शहाण्यासारखी दिसते. कोपरखैरण्यातल्या एका दवाखान्याची १२ इंची अक्षरं मी एसव्हीजी फाइलवरून कापली आणि ती ९ इंची निघाली. पाठवणाऱ्याच्या इलस्ट्रेटरने इंचाला ७२ पिक्सेल धरले होते, माझ्या सॉफ्टवेअरने ९६. बरोबर पाऊणपट. पडद्यावर ९ इंची अक्षरही छानच दिसत होतं, शीट मोठी होती, आणि मी मोजलं नाही. नुकसान माझं मीच भरलं.

तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो की फाइलच्या कोपऱ्यात १०० मिमी बाजूचा एक चौकोन काढा, आणि शब्दाची पूर्ण रुंदी-उंची मिमीमध्ये बाजूला लिहा. दोन्ही वेगळ्या लेयरवर, वेगळ्या रंगात, आणि ‘हे कापू नये’ असं स्पष्ट नाव देऊन. नाव दिलं नाही तर काय होतं? १०० मिमीचे लाल अ‍ॅक्रिलिकचे तीन चौकोन माझ्याकडे चहाच्या कपाखाली आहेत.

पाटीवर इंग्रजी नावही असेल तर मापं ठरवतानाच एक गोष्ट धरून चाला. राज्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरीतली मराठी पाटी बंधनकारक आहे, आणि मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा आमच्याकडे रात्रपाळ्या लागल्या होत्या, आणि बरीचशी कामं ‘मराठी थोडं मोठं करून परत द्या’ अशीच होती. सॉफ्टवेअरमधल्या पॉइंटच्या आकड्यावर जाऊ नका. तोच आकडा दिला तरी मात्रा-उकारांना जागा ठेवावी लागत असल्याने देवनागरीचं मूळ अक्षर इंग्रजी कॅपिटलपेक्षा बुटकं दिसतं. शिरोरेषेपासून दांड्याच्या टोकापर्यंत मोजा आणि ते माप इंग्रजी कॅपिटलपेक्षा जास्त ठेवा.

फाइल कशात द्यायची, हे कटिंगवाल्यालाच विचारा. त्याच्याकडे जुनं कोरल असेल तर सीडीआर जुन्या आवृत्तीत सेव्ह करून द्या. डीएक्सएफ मागितली तर कुठल्या आवृत्तीची ते विचारा, कारण आर१२ सारख्या जुन्या आवृत्तीत साध्या कंसापलीकडची मुक्त वक्ररेषा नसते, तुमची वळणं छोट्या सरळ तुकड्यांत मोडली जातात. मला स्वतःला एआय किंवा ईपीएस आवडते, वळणं शाबूत येतात. सोबत रंगीत जेपीजी द्याच, म्हणजे शेवटी काय दिसायला हवं ते त्याला कळेल. शीटवर अक्षरांची मांडणी त्याच्यावर सोडा. ८ बाय ४ च्या शीटमध्ये कुठे क्लॅम्प येतो आणि कुठला तुकडा आधीच उरलेला पडलाय, ते त्याला ठाऊक असतं.

फाइल सुधारून झाली की पूर्ण पाटी लगेच कापायला लावू नका. वागळेला जाल तेव्हा ३ मिमी सनबोर्डच्या उरलेल्या तुकड्यावर पूर्ण मापात फक्त ‘भाजी’ कापून मागा. दहा मिनिटांचं काम आहे. तो तुकडा नौपाड्यात घेऊन जा, दुकानावर धरा आणि समोरच्या फुटपाथवरून कोणालातरी वाचायला सांगा. ‘माजी’ म्हणाला तर परत कोरल उघडा.